रंगाचा हात : वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांतील रंग आणि कृती

सारांश

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांचे वर्णन बहुधा मौन, ध्यान, शून्य, अध्यात्म या शब्दांनी केले जाते. या शब्दांमुळे चित्रकाराच्या वृत्तीची कल्पना येते. परंतु चित्र कसे घडले आणि त्यात काय दिसते, हे प्रश्न मागे पडतात. गायतोंडे यांनी कुंचल्याचा फटकारा दूर सारला, यावरून त्यांच्या चित्रात हाताची कृती उरली नाही असेही गृहीत धरले जाते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची तपासणी केली आहे. रंगाच्या थराला मराठीत 'हात' म्हणतात. या नित्याच्या शब्दाच्या आधारे गायतोंडे यांच्या चित्रांतील कृतीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे असून, भोर-वेल्हे परिसरातील विद्यार्थ्यांच्या दृश्यानुभवाशी त्याची सांगड घातली आहे.

बीजसंज्ञा : अमूर्त चित्रकला, वस्तुनिरपेक्ष चित्र, रंगाचा थर, हाताची कृती, कलासमीक्षेची भाषा.

१. प्रास्ताविक

अमूर्त चित्रासमोर उभा राहिलेला सामान्य प्रेक्षक पहिला प्रश्न विचारतो तो 'हे काय आहे?' असा. या प्रश्नाला जाणकारांकडून सहसा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. 'त्यात काही शोधू नका, फक्त अनुभवा' हे एक, आणि 'हे चित्रकाराचे ध्यान आहे' हे दुसरे. दोन्ही उत्तरे आदरयुक्त आहेत. तथापि त्यांनी प्रश्न संपतो, पाहणे सुरू होत नाही.

ग्रामीण भागातील महाविद्यालयांत ही अडचण अधिक तीव्र होते. भोर आणि वेल्हे परिसरातील विद्यार्थ्याचा चित्रकलेशी औपचारिक संबंध येतो तो बहुधा शालेय चित्रकलेचा तास आणि एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा यांच्याद्वारे. तेथे वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांचा सराव होतो. वस्तू ओळखू येणे आणि रंग रेषेबाहेर न जाणे हे त्या सरावाचे स्वाभाविक निकष असतात. आधुनिक भारतीय चित्रकारांची मूळ चित्रे पाहायची तर त्याला पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. त्यामुळे गायतोंडे यांचे नाव त्याच्यापर्यंत पोहोचते ते पुस्तकातील तळहाताएवढ्या छायाचित्रातून, नाही तर लिलावातील विक्रमी किमतीच्या बातमीतून.

या परिस्थितीत कलासमीक्षेची भाषा कोणती असावी, हा केवळ शैलीचा प्रश्न उरत नाही. ज्या भाषेत चित्र समजावून दिले जाते, त्या भाषेवरच विद्यार्थी चित्राच्या जवळ येणार की ते 'आपल्यासाठी नाही' असे ठरवून दूर जाणार, हे पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून प्रस्तुत लेखात एकच मुद्दा तपासला आहे : गायतोंडे यांच्या चित्रात रंग आणि हाताची कृती यांचा संबंध नेमका कोणता?

२. 'जेश्चर' या संज्ञेचा विचार

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन चित्रकलेसंबंधीच्या चर्चेतून 'जेश्चर' ही संज्ञा कलासमीक्षेत रूढ झाली. हॅरोल्ड रोझेनबर्ग यांनी १९५२ मध्ये लिहिलेल्या निबंधात, काही चित्रकारांच्या दृष्टीने कॅनव्हास ही प्रतिमा रेखाटण्याची जागा नसून कृती करण्याची जागा झाली आहे, असे प्रतिपादन केले. जॅक्सन पोलॉक यांनी जमिनीवर अंथरलेल्या कॅनव्हासवर रंग ओघळवून केलेली चित्रे या विचाराचे ठळक उदाहरण ठरली. तेव्हापासून 'जेश्चर' म्हटले की वेग, जोम, शरीराची झेप आणि मनाचा उद्रेक अशी कल्पना डोळ्यांसमोर येते.

मराठीत या संज्ञेसाठी सुचणारे पर्याय समाधानकारक नाहीत. 'हावभाव' या शब्दाला रंगभूमीचा संदर्भ आहे. 'आविर्भाव' या शब्दात उसने अवसान आणण्याची छटा आहे. 'मुद्रा' हा शब्द स्थिर, ठरलेल्या आकाराकडे नेतो. 'फटकारा' हा शब्द चित्रकलेच्या व्यवहारातील आहे आणि तो नेमकाही आहे. मात्र तो कृतीच्या एकाच प्रकाराला लागू पडतो.

याउलट, रंगकामाच्या रोजच्या बोलीत एक अत्यंत अर्थपूर्ण शब्द आहे, तो म्हणजे 'हात'. भिंतीला रंगाचा पहिला हात देतात, तो वाळला की दुसरा हात देतात. येथे 'हात' म्हणजे थर. काम पूर्ण होत आले की त्यावर शेवटचा हात फिरवतात. येथे 'हात' म्हणजे दुरुस्तीची, एकसंधपणा आणण्याची क्रिया. सरावाने कारागिराचा हात बसतो. येथे 'हात' म्हणजे अंगी मुरलेले कौशल्य. थर, क्रिया आणि कौशल्य या तिन्ही गोष्टींना मराठी भाषा एकच शब्द वापरते. रंगाचा थर आणि तो देणारा अवयव यांत ती भेद करीत नाही.

हा शब्द स्वीकारला तर प्रश्नाची मांडणी बदलते. चित्रात फटकारा दिसत नाही याचा अर्थ चित्रात हात नाही असा होत नाही. फटकारा ही हाताची एका क्षणाची खूण असते; थर ही हाताची पुन्हा पुन्हा केलेल्या क्रियेची खूण असते. गायतोंडे यांच्या चित्रांचा विचार या दुसऱ्या अर्थाने होणे आवश्यक आहे.

३. चित्रकाराची घडण

गायतोंडे यांचा जन्म १९२४ मध्ये नागपूर येथे झाला. त्यांचे कुटुंब मूळचे गोव्याचे. पुढे मुंबईत गिरगावातील चाळीत त्यांचे वास्तव्य झाले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. तेथील भारतीय चित्रपद्धतीच्या शिक्षणामुळे लघुचित्रे आणि जैन पोथीचित्रे यांचा अभ्यास त्यांना घडला. १९५० च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सहभागी झाले. त्या दशकातील त्यांच्या चित्रांवर पॉल क्ले यांच्या रेषेचा प्रभाव स्पष्ट जाणवतो. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला. याच काळात मानवाकृती आणि ओळखू येणारे आकार त्यांच्या चित्रांतून नाहीसे होत गेले.

भुलाभाई देसाई यांच्या स्मरणार्थ मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेत त्यांचा स्टुडिओ होता. चित्रकार, संगीतकार आणि नाट्यकर्मी तेथे एकाच छताखाली काम करीत. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले आणि तेथील समकालीन चित्रकला त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. १९७२ मध्ये ते दिल्लीला स्थायिक झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हटलेले त्यांना मान्य नव्हते. त्यांची चित्रे 'वस्तुनिरपेक्ष' आहेत, असा त्यांचा आग्रह होता. हा भेद महत्त्वाचा आहे. 'अमूर्त' म्हटले की मूर्त वस्तूपासून सुरुवात करून तिचा तपशील गाळत जाण्याची क्रिया अभिप्रेत होते. 'वस्तुनिरपेक्ष' चित्राची सुरुवातच वस्तूपासून होत नाही. मग ती कशापासून होते? गायतोंडे यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर रंगद्रव्य आणि त्यावर केलेली क्रिया असे द्यावे लागते.

४. रंग देणे आणि रंग काढणे

गायतोंडे यांच्या प्रौढ काळातील चित्रांची साधने तैलरंगाच्या रूढ साधनांहून वेगळी आहेत. कुंचल्याऐवजी रोलर आणि पॅलेट नाइफ यांना तेथे प्रमुख स्थान आहे. वर्तमानपत्रे व नियतकालिके यांतून फाडलेले किंवा कापलेले कागदाचे तुकडेही त्यांनी वापरले. ओल्या रंगावर असा कागद दाबून उचलला की खालचा काही रंग त्याबरोबर निघतो आणि त्या जागी कडा नसलेला, अर्धवट पुसल्यासारखा आकार उरतो. पुढे त्यावर पुन्हा पातळ रंगाचा हात दिला की तो आकार पृष्ठभागात आणखी खोल जातो.

या पद्धतीत चार क्रिया दिसतात : रंग पसरणे, तो सपाट करणे, तो खरवडणे किंवा उचलणे, आणि वाट पाहणे. पहिल्या तीन क्रिया हाताच्या आहेत हे उघड आहे. चौथीचे महत्त्व सहसा लक्षात घेतले जात नाही. रंग किती ओला असताना खरवडायचा, यावर खालचा थर कितपत उघडा पडेल हे ठरते. लवकर खरवडला तर दोन्ही रंग मिसळून गढूळ होतात. उशीर झाला तर वरचा थर निघत नाही. वाट पाहणे हे येथे मनाच्या शांतीचे लक्षण असेल. पण त्याआधी ते तंत्राचे अंग आहे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करणाऱ्या या चित्रकाराच्या मंद गतीचे हेही एक कारण मानता येईल.

रोलर हे साधन आणखी एका दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. कुंचल्याच्या प्रत्येक केसाची रेघ रंगावर उमटते आणि चित्रकाराच्या मनगटाचा वेग त्या रेघेत साठून राहतो. रोलर ही रेघ उमटू देत नाही. तो हाताचा दाब स्वीकारतो. हाताची लकब मात्र स्वीकारत नाही. म्हणून गायतोंडे यांच्या चित्रात व्यक्तिगत 'सही'सारखी रेघ सापडत नाही. दाबाची कमीजास्त मात्रा मात्र सर्वत्र जाणवते. कोठे रंग विरळ होऊन प्रकाश वर येतो, कोठे तो दाट होऊन पृष्ठभाग बंद करतो. हा चढउतार हीच या चित्रांतील कृती होय.

रंगाचे कार्यही यामुळे बदलते. रूढ चित्रात रंग आकाराच्या आत भरलेला असतो. आकार आधी आणि रंग नंतर. गायतोंडे यांच्या चित्रात रंग आधी येतो आणि आकार त्यातून वर काढला जातो. एका चित्रात बहुधा एकाच कुळातील रंग असतात, परंतु त्यांचे अनेक हात एकावर एक दिलेले असल्यामुळे तो रंग एकपदरी वाटत नाही. प्रकाश बाहेरून पडल्यासारखा न वाटता थरांच्या आतून येतो असा प्रत्यय येतो, त्याचे कारण हेच आहे. वरचा थर पूर्ण झाकत नाही आणि खालचा थर पूर्ण उघडा पडत नाही.

१९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातील चित्रांत हे द्रव्य जाड आहे. आडव्या पट्ट्या, त्यांच्या आसपास साचलेला रंग आणि मोकळे सोडलेले विस्तीर्ण क्षेत्र यांमुळे त्यांत क्षितिज किंवा समुद्र पाहण्याचा मोह होतो. पुढे, विशेषतः १९७० च्या दशकात, कॅनव्हास उभा झाला, थर पातळ झाले आणि आडव्या पट्ट्यांभोवती लिपीसारख्या दिसणाऱ्या, पण वाचता न येणाऱ्या खुणा विखुरल्या गेल्या. उभ्या कॅनव्हासमुळे निसर्गदृश्याचा भास बराच कमी होतो. दृष्टी डावीकडून उजवीकडे न जाता वरून खाली उतरते आणि मध्येच एखाद्या पट्टीशी थांबते. हा बदल केवळ आकारमानाचा नसून पाहण्याच्या गतीचा आहे.

५. अंबादास यांच्याशी तुलना

गायतोंडे यांच्या कृतीचे वेगळेपण त्यांच्या एका समकालीन चित्रकाराशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. अंबादास खोब्रागडे यांचा जन्म १९२२ मध्ये अकोला येथे झाला. तेही जे. जे.चेच विद्यार्थी. १९६२ मध्ये भावनगर येथे आकाराला आलेल्या 'ग्रुप १८९०' चे ते एक सदस्य होते. या गटाचे एकमेव प्रदर्शन १९६३ मध्ये दिल्लीत झाले आणि त्याच्या पुस्तिकेची प्रस्तावना ऑक्टाव्हिओ पाझ यांनी लिहिली. १९७२ मध्ये अंबादास नॉर्वेत स्थायिक झाले आणि २०१२ मध्ये ऑस्लो येथे त्यांचे निधन झाले.

अंबादास यांच्या चित्रात फटकारा हेच सर्वस्व आहे. कुंचल्याचे रुंद, वळणदार पट्टे एकमेकांत गुंततात, त्यांच्या आत केसांच्या समांतर रेघा स्पष्ट राहतात आणि संपूर्ण पृष्ठभाग वाहता होतो. कृती कोठे सुरू झाली आणि कोठे वळली, हे डोळ्यांना मागे जाऊन शोधता येते. प्रेक्षक चित्रकाराच्या हाताचा प्रवास जणू पुन्हा करतो.

गायतोंडे यांच्या चित्रात असा प्रवास करता येत नाही. तेथे कृतीचा क्रम थरांखाली गेलेला असतो. प्रेक्षकाला वाट दिसत नाही, खोली दिसते. अंबादास यांची कृती पृष्ठभागावर पसरते, गायतोंडे यांची कृती पृष्ठभागात मुरते. एकाच कलाशाळेतून आलेल्या या दोन चित्रकारांनी हाताच्या खुणेचे काय करायचे, या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. अंबादास यांचे उत्तर कृतीच्या रूढ कल्पनेशी जुळते, म्हणून ते लगेच ओळखू येते; गायतोंडे यांचे उत्तर त्या कल्पनेत बसत नाही, म्हणून त्यांच्याकडे कृतीच नाही असे समजले गेले.

पुढील पिढीत प्रभाकर कोलते (जन्म १९४६) यांनी झाकणे आणि उघडे ठेवणे या क्रियेला वेगळे वळण दिले. आधीच्या रंगरचनेवर एका रंगाचे मोठे आवरण पसरून, त्यातून खालच्या रचनेचे मोजके भाग उघडे ठेवण्याची त्यांची पद्धत पाहिली, तर थर हा मराठी चित्रकारांच्या अमूर्त चित्रकलेतील एक सलग विचार आहे असे म्हणण्यास आधार मिळतो.

६. मौनाच्या परिभाषेची मर्यादा

गायतोंडे यांना झेन विचारात रस होता, निसर्गदत्त महाराजांच्या सान्निध्याचा त्यांना लाभ झाला होता आणि ते एकांतप्रिय होते, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. त्या नाकारण्याचे कारण नाही. 'मौन' हा शब्द त्यांच्या चित्रांविषयी खोटाही नाही. आक्षेप आहे तो या शब्दाने वर्णनाची जागा घेण्याला.

पहिली गोष्ट अशी की ही परिभाषा भेद करू शकत नाही. रझा यांचा बिंदू, मार्क रॉथको यांची रंगक्षेत्रे आणि गायतोंडे यांचे थर या तिन्हींना 'ध्यानमग्न' म्हणता येते आणि म्हटलेही जाते; परंतु तिघांची चित्रे पूर्णतः भिन्न क्रियांनी घडलेली आहेत. जो शब्द तिघांना सारखाच लागू पडतो, तो तिघांपैकी कोणाविषयीच पुरेसे सांगत नाही. दुसरी गोष्ट अशी की या परिभाषेमुळे एकाच चित्रकाराची सरस आणि नीरस चित्रे वेगळी काढता येत नाहीत. मौनात डावे-उजवे करायचे कसे? तिसरी गोष्ट अध्यापनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. चित्र पाहण्यासाठी काही आध्यात्मिक पात्रता लागते, अशी समजूत विद्यार्थ्यांत निर्माण होते. ज्याला चित्रासमोर काही 'जाणवत' नाही, तो स्वतःलाच उणा समजतो.

बाजारभावाच्या चर्चेचा परिणामही याहून वेगळा नाही. डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंडे यांचे १९७९ मधील एक चित्र २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले. २०१५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या एका चित्राला २९ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. या आकड्यांपुढे प्रेक्षक एक तर दबून जातो किंवा उपहास करतो. अध्यात्माची भाषा आणि किमतीची भाषा परस्परविरोधी दिसत असल्या तरी दोन्हींमुळे चित्राकडे पाहण्याची गरज संपते.

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये गायतोंडे यांचे मोठे सिंहावलोकन प्रदर्शन भरवले. त्याच्या शीर्षकात चित्रण ही एक प्रक्रिया आहे, असे सूचन होते. मराठी समीक्षेने हे सूत्र अधिक गांभीर्याने घेण्याची गरज आहे. कारण प्रक्रियेचे वर्णन करण्यासाठी लागणारे शब्द मराठीत विपुल आहेत. सारवणे, लिंपणे, घोटणे, खरवडणे, निपटणे, पुसणे, मुरणे, झिरपणे ही सर्व क्रियापदे द्रव्य आणि हात यांच्या संबंधातून आलेली आहेत.

७. भोर-वेल्ह्यातील दृश्यानुभव

ही क्रियापदे भोर आणि वेल्हे परिसरातील विद्यार्थ्याला कोशातून शिकावी लागत नाहीत. शेणाने सारवलेल्या अंगणात बोटांच्या अर्धवर्तुळाकार खुणा एकापुढे एक उमटतात. सारवणाऱ्या बाईच्या हाताची लांबी, तिचा दाब आणि मागे सरकण्याची लय त्या खुणांत टिकून राहते. ही फटकाऱ्याची कृती आहे आणि अंबादास यांच्या चित्राकडे जाण्याची वाट तिच्यापासून सुरू होऊ शकते.

भातखाचरात चिखलणी होते तेव्हा बैलांच्या खुरांच्या आणि माणसांच्या पावलांच्या असंख्य खुणा चिखलात उमटतात. लावणीपूर्वी खाचरावर फळी फिरते आणि त्या खुणा पुसल्या जातात. वरून पाहता खाचर सपाट आणि निवांत दिसते. परंतु तो सपाटपणा श्रमातून आलेला आहे आणि तुडवण्याची सगळी क्रिया चिखलाच्या एकजीव होण्यात साठलेली आहे. गायतोंडे यांच्या रोलरने साधलेल्या शांत पृष्ठभागाचे स्वरूप समजावून देण्यास याहून सुबोध उदाहरण मिळणे कठीण आहे.

गावोगावच्या देवस्थानांतील तांदळ्यांवर वर्षानुवर्षे शेंदराचे लेप चढतात. मूळ दगडाचा आकार हळूहळू बुजतो आणि लेपांचा स्वतःचा आकार तयार होतो. जेथे लेपाची खपली निघते तेथे जुना, काळवंडलेला थर दिसतो. भाटघर आणि पानशेतच्या जलाशयांत उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की काठांच्या मातीवर आडव्या रेघांची उतरंड दिसू लागते. पाणी जेथे जेथे थांबले तेथे तेथे रेघ उमटलेली असते. भाटघरचे पाणी पुरेसे खाली गेले की कांबरे येथील कांबरेश्वराचे पाण्याखाली असलेले मंदिर वर येते.

या उदाहरणांचा गैरअर्थ होण्याची शक्यता आहे. गायतोंडे यांनी खाचर किंवा जलाशय रंगवले, असे येथे सुचवायचे नाही. तसे म्हणणे म्हणजे वस्तुनिरपेक्ष चित्रात पुन्हा वस्तू शोधणे होय. साम्य आहे ते दिसण्याचे नसून घडण्याचे. थर चढणे, खूण पुसली जाणे, खालचे वर येणे या घटना ज्याने पाहिल्या आहेत, त्याचे डोळे या चित्रांसाठी तयार आहेत. फक्त हा अनुभव आणि चित्र यांत काही नाते आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अध्यापनात याचा उपयोग दोन प्रकारे करता येईल. पहिला प्रकार प्रात्यक्षिकाचा. प्लायवूडच्या तुकड्यावर दोन भिन्न रंगांचे हात द्यावेत आणि वरचा हात वेगवेगळ्या वेळी खरवडून पाहावा. ओला, अर्धओला आणि वाळलेला अशा तीन अवस्थांत मिळणारे तीन पृष्ठभाग समोर ठेवले, म्हणजे गायतोंडे यांच्या चित्रातील काळाचे भान व्याख्यानाशिवाय येऊ शकते. दुसरा प्रकार मूळ चित्र पाहण्याचा. गायतोंडे यांची अनेक महत्त्वाची चित्रे सुमारे पाच फूट उंचीची आहेत. पुस्तकातील छपाईत त्यांचा रंग कसाबसा येतो. थरांची खोली मुळीच येत नाही. पडद्यावर प्रक्षेपित केलेली प्रतिमा आकाराने मोठी असली तरी ती प्रकाशाचीच असते, रंगद्रव्याची नसते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकल्सन संग्रहासारख्या संग्रहांत गायतोंडे यांची चित्रे आहेत. शैक्षणिक सहलीच्या कार्यक्रमात, चित्र प्रदर्शित असल्याची आधी खात्री करून, अशा दालनाला एक तास देणे अशक्य नाही.

८. काही मर्यादा

कृतीच्या निकषावर पाहिल्यास गायतोंडे यांचे सर्वच चित्रण एका पातळीचे नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९५० च्या दशकाच्या अखेरची काही चित्रे पृष्ठभागाच्या पोतावरच समाधान मानतात. तेथे द्रव्य भरपूर आहे, पण थरांचा परस्परसंबंध अजून तयार झालेला नाही. १९७० च्या दशकातील उत्तम चित्रांत खूण आणि पृष्ठभाग अविभाज्य होतात. खूण वर काढली आहे की आपोआप वर आली आहे, हे सांगता येत नाही. अखेरच्या काळातील काही चित्रांत मात्र आकार अधिक स्पष्ट, अधिक प्रतीकवजा होतात. तेथे आकार पृष्ठभागातून उगवण्याऐवजी पृष्ठभागावर ठेवल्यासारखा वाटतो. मौनाच्या परिभाषेत हा भेद मांडताच आला नसता.

१९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या अपघातानंतर गायतोंडे यांना काही वर्षे मोठे कॅनव्हास हाताळता आले नाहीत. या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी रेखाटने केली. रोलर नाही, थर नाहीत, खरवडणे नाही; केवळ शाई, कागद आणि मर्यादित हालचाल करू शकणारा हात. या रेखाटनांत लिपीसारख्या खुणा थेट उमटतात. मोठ्या चित्रांत जो हात थरांखाली मुरलेला होता, तो येथे उघडा दिसतो. गायतोंडे यांच्या चित्रांत हाताची कृती नव्हती, या मताला ही रेखाटने पुरेसे उत्तर देतात. ती आधीपासून होती, फक्त ती झाकून ठेवण्याची साधने आता हाताशी नव्हती.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील मुद्दे निष्पन्न होतात. एक, 'जेश्चर' म्हणजे केवळ वेगवान फटकारा ही कल्पना अपुरी आहे. थर देणे, सपाट करणे, खरवडणे आणि योग्य क्षणाची वाट पाहणे या कृतीही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. दोन, गायतोंडे यांच्या चित्रात रंग आणि कृती या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. रंगाचा प्रत्येक हात हीच कृती आहे. तीन, मौन आणि ध्यान हे या चित्रांच्या परिणामाचे वर्णन असू शकते, त्यांच्या घडणीचे नव्हे. चार, घडणीचे वर्णन करण्यासाठी आवश्यक शब्दसंपदा मराठीच्या श्रमव्यवहारात उपलब्ध आहे आणि ग्रामीण विद्यार्थी तिच्यापासून दूर नाही, उलट शहरी प्रेक्षकापेक्षा तो तिच्या अधिक जवळ आहे.

घरांच्या भिंती सिमेंटच्या झाल्या आहेत, अंगणांत फरशी आली आहे आणि चिखलणीला यंत्रे आली आहेत. सारवणाचा हात ज्यांनी रोज पाहिला, अशा विद्यार्थ्यांची संख्या दरवर्षी घटत जाणार आहे. तो अनुभव विस्मरणात जाण्यापूर्वी त्याची चित्रकलेशी गाठ घालून देणे हे कलाशिक्षकाइतकेच भाषाशिक्षकाचेही काम आहे. कारण येथे जपायचे आहेत ते प्रथम शब्द आणि त्या शब्दांनी पाहू शकणारे डोळे.